बरा न होणारा चट्टा

पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातील त्वचारोगतज्ज्ञ आलिबेर यांनी १८०६ साली एका रुग्णाच्या अंगावरील अळंबीसारख्या गाठींचे वर्णन केले. त्या विकाराला पुढे ‘मायकोसिस फंगॉइड्स’ हे नाव रूढ झाले. हे नावच चकवणारे आहे. बुरशीशी या रोगाचा काही संबंध नाही. हा त्वचेतील लिम्फोमा, म्हणजे टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींचा विरळा कर्करोग होय. तो संसर्गजन्य नाही.

गाठी फार पुढची अवस्था. आरंभी असतो तो केवळ एक चट्टा, आणि तोही बहुधा कपड्यांखाली झाकलेल्या कंबरेवर, नितंबांवर वा मांड्यांवर. तो इसबासारखा दिसतो, सोरायसिससारखा दिसतो, गजकर्णासारखाही दिसतो. सावळ्या त्वचेवर तो पुष्कळदा फिकट उमटतो. मग घरात कोडाची कुजबुज सुरू होते, नाही तर कुष्ठरोगाची धास्ती बसते. कुष्ठाच्या चट्ट्यावर संवेदना बहुधा मंदावते, या चट्ट्यावर ती सहसा शाबूत असते. परंतु निर्णय घरच्या घरी करावयाचा नव्हे.

आपल्याकडे मात्र पहिला सल्ला औषधाच्या दुकानातच मिळतो. स्टेरॉइडयुक्त मलमाने चट्टा काही दिवस फिकटतो, समाधान वाटते, आणि तपासणीत दिसावयाच्या खुणाही पुसट होतात. तज्ज्ञ हेच औषध या रोगावर योजतात. तेव्हा आक्षेप औषधाला नाही, निदानावाचून होणाऱ्या त्याच्या वापराला आहे.

निदानाचा मार्ग एकच: त्वचेचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. आरंभी तोही निश्चित उत्तर देईलच असे नाही. काही महिन्यांनी पुन्हा, कधी तिसऱ्यांदाही तो काढावा लागतो. रुग्णाला ही डॉक्टरांची चालढकल वाटते. वस्तुतः तोच खरा प्रामाणिकपणा असतो. आधी लावलेल्या मलमांची नावे न लपवता सांगणे हा त्यातला रुग्णाचा वाटा.

प्रत्येक डागाला कर्करोग मानून भयभीत होण्याचे कारण नाही. बहुतेक चट्टे साधेच असतात. हा रोगही आरंभी ओळखला गेला तर प्रकाशोपचारांनी व लेपांनी वर्षानुवर्षे आटोक्यात राहतो आणि पुष्कळ रुग्ण पूर्ण आयुष्य जगतात. परंतु उपचार करूनही जो चट्टा महिनोन्‌महिने हटत नाही, त्याच्यावर नवे मलम चोळण्याआधी जुने निदान पुन्हा तपासून पाहावे, एवढा विवेक रुग्णाने आणि वैद्याने, दोघांनीही बाळगला पाहिजे.