प्राध्यापक गोखले आणि इंदापूरचा शेतसारा

निवडणूक आली की बारामती-इंदापूरकडील सुशिक्षित मंडळींत एक तक्रार हमखास ऐकू येते, ती ही की, राजकारणात शिकलेली माणसे उरली नाहीत. उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रातील पदवीच्या रकान्यावर बोट ठेवून केली जाणारी ही तक्रार मला अपुरी वाटते; कारण नुसत्या विद्वत्तेच्या हाती कारभार गेला म्हणजे काय होते, याचा अनुभव इंदापूर तालुक्याने जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीच घेतलेला आहे.

पेशवाई बुडाल्यावर पुणे जिल्ह्याची जमाबंदी नव्याने बसविण्याचे काम कंपनी सरकारने ज्या प्रिंगलकडे सोपविले, तो इंग्लंडातील हेलिबरीच्या विद्यालयात अर्थशास्त्रज्ञ माल्थसच्या हाताखाली शिकलेला होता. आणि जमिनीच्या खंडाविषयीचा जो सिद्धान्त त्या काळच्या अर्थशास्त्र्यांत मान्यता पावत होता, तोच त्याने १८२७ पासूनच्या पाहणीत येथील रानांना लावला. शेतांची मोजणी करावी, जमिनीची प्रतबंदी करावी आणि लागवडीचा खर्च वजा जाता उरणाऱ्या निव्वळ उत्पन्नापैकी शेकडा ५५ भाग सरकारने घ्यावा, असे ते गणित. कागदावर त्यात खोट काढायला जागा नव्हती. परंतु निव्वळ उत्पन्न किती हे ठरविणार हाताखालचे कारकून, त्यांच्यात माजलेली लाचलुचपत, आणि पाऊस तर इंदापूरचा! सारा वसूल होईना, दप्तरे सूट-तहकुबीच्या हुकमांनी भरली, जमिनी पडीक पडल्या, रयत गावे टाकून निजामाच्या मुलुखात गेली, आणि १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांना त्याच तालुक्यात पुन्हा पहिल्यापासून पाहणी करावी लागली. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा हट्ट सोडून रयतेला काय पेलेल ते पाहिले आणि आकार खाली आणून तीस वर्षांसाठी कायम केला.

ती मुदत सरताच, १८६७ च्या सुमारास, वाढीव आकारणीचा पहिला फटकाही इंदापुरालाच बसला. आणि १२ मे १८७५ रोजी, तेव्हा भीमथडीत व आज बारामती तालुक्यात असलेल्या सुप्याच्या बाजारात कर्जबाजारी कुणब्यांनी सावकारांची खते जाळली.

या मुलखाचा प्रतिनिधी म्हणून पुढे एक प्राध्यापक मुंबईच्या कौन्सिलात गेला, हे आज फारसे कोणाच्या ध्यानात नसते. गोपाळ कृष्ण गोखले १८९९ मध्ये मध्य विभागातील लोकल बोर्डांच्या वतीने निवडून आले, आणि पुणे जिल्हा त्याच विभागात मोडत होता. फर्ग्युसन कॉलेजात ते आधी गणित व इंग्रजी, मग इतिहास व अर्थशास्त्र शिकवीत. पण त्यांची खरी तालीम झाली ती न्यायमूर्ती रानड्यांच्या देखरेखीखाली, सरकारी अहवाल उपसून सार्वजनिक सभेच्या अर्जांचे मसुदे लिहिताना. १८९७ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे विलायतेत त्यांनी जी उलटतपासणी सोसली, तिच्यात त्यांचा एक आकडाही ढळला नाही असे म्हणतात; आणि त्याच मुक्कामात पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावर असलेल्या सोजिरांवर ऐकीव माहितीवरून केलेला आरोप सिद्ध करता न आल्याने त्यांना बिनशर्त माफी मागावी लागली. पुण्यात त्या माफीची पुष्कळ छीथू झाली. मला मात्र ती त्यांच्या अध्यापकी शिस्तीला धरूनच वाटते. पुरावा हाती नसेल तर विधान मागे घ्यावे, हा वर्गातला नियम त्यांनी राजकारणातही मोडला नाही.

दुष्काळानंतर, १९०१ मध्ये, सरकारने जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले: साऱ्याच्या थकबाकीपायी जप्त झालेली जमीन कुळाला परत द्यायची, पण विकण्याचा वा गहाण टाकण्याचा हक्क काढून. सावकाराच्या कचाट्यातून रयत सोडविणारी ही योजना दिसायला मोठी दयाळू होती. गोखल्यांचा प्रश्न साधा होता: जमिनीवर पत उरली नाही, तर बी-बैलांसाठी कुणब्याने हात कोणापुढे पसरायचा, आणि साऱ्याचा हप्ता न चुकता मागणारे सरकार त्याच्या कर्जाला जबाबदार नाही काय? बिल रेटले जात आहे असे दिसताच फिरोजशहा मेहतांबरोबर तेही सभागृहातून उठून गेले. मूळ स्वभाव मवाळ, त्यामुळे हे पाऊल त्यांना जड गेले असले पाहिजे.

प्रिंगल आणि गोखले यांच्यातला फरक पदवीचा नव्हता. एकाने सिद्धान्त घेऊन शेत मोजले, दुसऱ्याने शेतकऱ्याची अडचण घेऊन सरकारचा हिशेब तपासला. आज आमच्याकडे शिक्षणसंस्था काढणारे पुढारी पुष्कळ आहेत, पण वर्गातून उठून कायदेमंडळात गेलेला आणि तेथेही अहवाल वाचणारा प्राध्यापक विरळा. म्हणून यापुढे उच्चविद्याविभूषित उमेदवार मत मागायला आला, तर पदवीची चौकशी बाजूला ठेवून नीरा डाव्या कालव्याचा विषय काढावा. शेपटाकडील इंदापूरच्या गावांची पाणीपाळी का चुकते, वरच्या उसाला किती पाणी जाते आणि मंजूर क्षेत्र किती, हे त्याने जलसंपदा खात्याचे कागद पुढ्यात घेऊन, आकड्यांनिशी, चावडीवर सांगावे.