पुस्तकातली अळी आणि कढीपत्त्यावरची अळी

दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर धाकट्या नणंदेचा फोन आला. "वहिनी, ह्याच्यासाठी सायन्सचं एखादं चांगलं पुस्तक सुचव ना. दुसरीत गेलाय. इथे मंगल कार्यालयात प्रदर्शन लागलंय, पण त्या ढिगातून काय उचलावं तेच कळत नाही. शेजारणीने साडेचारशेचा ज्ञानकोश घेतलाय. तोच घेऊ का?"

"थांब, घेऊ नकोस!" मी इतक्या घाईने म्हटलं की ती दचकलीच.

माझ्या घाईला कारण होतं. २०१९ साली माझी लेक दुसरीत होती, तेव्हा अस्साच एक जाडजूड ज्ञानकोश मी मोठ्या हौसेने आणला होता. गुळगुळीत कागद, पानापानावर रंगीत चित्रं, मुखपृष्ठावर डायनासोर आणि रॉकेट शेजारी-शेजारी. 'हजार गोष्टींची माहिती' असं वर लिहिलेलं. हजार गोष्टी साडेतीनशे रुपयांत म्हणजे स्वस्तच की, असा हिशोब मी केला. आपण बायका साडी घेताना पदर उलगडून बघतो, काठ बघतो, रंग जाणार नाही ना हे दोनदा विचारतो. मुलांचं पुस्तक मात्र वजनावर घेतो, हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

त्यातलं फुलपाखराचं पान लेकीचं फार आवडतं. चार चित्रं, बाणांनी गोल जोडलेली. अंडं, अळी, कोष, फुलपाखरू. तिने ते तोंडपाठ केलं. घरी कोणी आलं की मी म्हणायची, "काकूंना फुलपाखराचं म्हणून दाखव." ती हात मागे बांधून घडाघडा म्हणायची. पाहुणे 'हुशार आहे हो' म्हणायचे आणि मी आनंदाने चहा टाकायला उठायची.

आमच्या परसात कढीपत्त्याचं झाड आहे. पावसाळ्यात त्याला नवी पालवी फुटते आणि बघता बघता पानं कुरतडलेली दिसायला लागतात. त्यावर बारीक किडे असतात. काळपट, मध्ये पांढरा डाग, अगदी पाखराच्या शिटेसारखे. मी दरवर्षी ते काडीने उचलायची आणि फिनेलच्या पाण्यात टाकायची. त्या वर्षी लेक शेजारी उभी राहून "ई, घाण किडे" म्हणत मला मदत करत होती. तेवढ्यात सासूबाई मागच्या दारात आल्या. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. म्हणाल्या, "अगं, कशाला मारता? ह्याचीच तर पाखरं होतात. आमच्या माहेरी लिंबावर असायची ढिगाने."

मी लेकीकडे बघितलं, लेकीने डब्यातल्या पाण्याकडे. तिचा चेहरा मला अजून आठवतो. "आई, ही ती अळी आहे?" तिने विचारलं. मला उत्तर देता येईना, कारण मलाही माहीत नव्हतं.

उरलेल्यांपैकी दोन अळ्या आम्ही काचेच्या बरणीत ठेवल्या. तोंडाला मलमलचं फडकं बांधलं, रोज ताजा कढीपत्ता. शिटेसारखी दिसणारी ती अळी मोठी होता होता कात टाकते आणि एके दिवशी चक्क हिरवीगार होते. तिला काडी लावली की डोक्यामागून लालसर शिंगासारखं काहीतरी बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. हे त्या हजार गोष्टींत कुठेही नव्हतं! पुढे तिने काडीला स्वतःला एका बारीक धाग्याने बांधून घेतलं आणि कोष झाला. एक कोष काळा पडून वाया गेला. दुसऱ्यातून साधारण दहा-बारा दिवसांनी काळं फुलपाखरू निघालं, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची रांग. पंख आधी चुरगाळलेल्या कागदासारखे होते. ते वाळेपर्यंत लेक जेवायला उठली नाही.

आता त्या पुस्तकात चूक होती का? नव्हती. पण त्यातलं फुलपाखरू होतं मोनार्क, नारिंगी-काळं, अमेरिकेत आढळणारं. ते ज्या झाडावर वाढतं ते आमच्या परसात कसं असणार? आणि 'तुझ्या घराजवळच्या झाडाची पानं उलटून बघ' असं एक वाक्य त्यात कुठे नव्हतं. त्यामुळे माझ्या मुलीला वाटत होतं की फुलपाखरू पुस्तकात होतं. आपलं राज्य फुलपाखरू, २०१५ मध्ये जाहीर झालेलं ब्लू मॉरमॉन, तेही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं. हे मला कळलं ते त्यानंतर. शाळेत असताना कळायला हवं होतं, पण असो.

तेव्हापासून मी पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी पुस्तक घेताना एकच बघते. हे पुस्तक मिटल्यावर मूल उठून कुठे जाईल? परसात, स्वयंपाकघरात, गच्चीवर, की कुठेच नाही? ज्यानंतर नुसतं पाठांतर उरतं, ते कितीही चकचकीत असो, मी परत ठेवून देते. नणंदेला हेच सांगितलं. तर ती म्हणाली, "अगं, पण दुकानात उभ्या उभ्या ते कसं कळणार?"

कळतं. आधी पुस्तक कोणी लिहिलंय ते शोधायचं. प्रदर्शनातल्या 'कोणतंही पुस्तक पन्नास रुपये' ढिगातल्या कितीतरी पुस्तकांवर लेखकाचं नावच नसतं, सालही नसतं. मग ग्रहांचं पान उघडायचं. प्लुटोला २००६ मध्ये ग्रहांच्या यादीतून काढून बटुग्रह म्हटलं गेलं. तरी अजून नऊ ग्रह असतील, तर पुस्तक नुसतं नव्या मुखपृष्ठात घातलंय असं समजायचं. कोळ्याचं चित्र दिसलं तर पाय मोजायचे. आठ पाहिजेत, आणि त्याला कीटक म्हटलेलं नको. आणि शेवटी एक परिच्छेद हळू आवाजात स्वतःशी वाचून बघायचा. 'वनस्पती प्रकाशसंश्लेषणाद्वारे अन्ननिर्मिती करतात' हे वाक्य सहा वर्षांच्या पोराला वाचून दाखवताना आपल्यालाच जांभई येते. 'पानं उन्हात आपलं जेवण बनवतात' म्हटलं की ते विचारतं, "मग रात्री?" हा प्रश्न यायला हवा म्हणून तर पुस्तक आणायचं.

छापलेलं सगळं खरं मानायची आपल्याला इतकी सवय असते! आमच्या त्याच ज्ञानकोशात जिभेचा नकाशा होता. टोकाला गोड, बाजूला आंबट, मागे कडू. हा नकाशा मीही शाळेत काढला होता, रंग भरून. लेकीने साखरेचा दाणा जिभेच्या मागच्या बाजूला ठेवला आणि म्हणाली, "आई, इथे पण गोड लागतंय." मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, "नीट ठेव, पुस्तकात चूक कशी असेल?" चूक पुस्तकाचीच होती. जिभेवर जिथे चव घेणाऱ्या कळ्या असतात, तिथे सगळ्याच चवी कळतात. जिभेचे असे वेगळे वाटे नसतात, हे कधीच सिद्ध झालंय. सात वर्षांच्या मुलीने स्वतः करून बघितलेलं बरोबर होतं आणि मी तिला गप्प केलं. त्या अळ्यांपेक्षा ही गोष्ट मला जास्त बोचते.

आता माध्यमाचा प्रश्न. आपल्या गावांमधून बऱ्याच घरांत आता हाच गोंधळ दिसतो. मूल इंग्रजी शाळेत, म्हणून पुस्तकही इंग्रजीच आणायचं. ते पुस्तक मूल एकटं अडखळत वाचतं, कारण आईला इंग्रजीची भीती, आजीला तर ते येतच नाही. माझं स्पष्ट मत आहे, शाळा कोणतीही असो, घरातलं विज्ञानाचं पुस्तक मराठीत असावं. शाळेचं इंग्रजी शाळा बघेल. पण रुईची म्हातारी, मृगाचा किडा, कवडसा हे शब्द आजीला माहीत आहेत आणि तिथून सुरुवात केली तर घर सगळं त्या पुस्तकात येतं. मृगाच्या त्या लाल मखमली किड्याचे पाय मोजलेत कधी? मोठ्या किड्याला आठ असतात. नावाने किडा, पण नात्याने कोळ्याच्या जवळचा.

कवडशावरून आठवलं. नंतर एक साठ रुपयांचं पातळ पुस्तक मिळालं होतं, त्यात एक प्रश्न होता. झाडाच्या पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात, मग जमिनीवर पडणारे कवडसे गोल का? आम्ही आंब्याखाली जाऊन बघितलं. खरंच गोल. कारण प्रत्येक कवडसा हे सूर्याचं चित्र असतं. त्याच वर्षी २६ डिसेंबरला सूर्यग्रहण आलं, आपल्याकडे खंडग्रास. लेक म्हणाली, "मग आज कवडसे कसे दिसतील?" घरात एकच चर्चा. सासूबाईंचं म्हणणं, ग्रहणात पोरीला बाहेर काढायचं नाही. अळ्यांची पाखरं होतात हे सांगणाऱ्या याच सासूबाई बरं का! माझी तर दोन्हीकडून ओढाताण. शेवटी ठरलं, सूर्याकडे बघायचंच नाही, पाठ करून उभं राहायचं आणि पिठाची चाळणी उन्हात धरायची. नवाच्या सुमारास ढग जरा बाजूला झाले आणि अंगणातल्या फरशीवर चाळणीच्या भोकाभोकातून शेकडो चंद्रकोरी पडल्या. लेक नाचायलाच लागली. सासूबाईंनी नंतर डोक्यावरून आंघोळ केली, तोवर पाण्याचा थेंब घेतला नाही. पण चाळणी मात्र त्यांनीच धरली होती.

म्हणून म्हणते, विज्ञानाचं खरं पुस्तक घरात आलं की प्रश्नही येतात आणि ते सोयीचे असतातच असं नाही. 'मला माहीत नाही, बघू या' एवढं म्हणायची आपली तयारी हवी. मला ते म्हणायला वर्ष लागलं. आईला सगळं माहीत असतं, हा मुलांचा समज मोडताना जिवावर येतं हो!

पैशांचं म्हणाल, तर चांगलं ते महागच असतं असं अजिबात नाही. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिकेतली पुस्तकं मराठीत आहेत, बारीक आणि स्वस्त. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची 'स्मॉल सायन्स' मालिका मराठीतही आहे. त्यात उत्तरांपेक्षा प्रश्न जास्त आहेत, तिसरीपासूनच्या मुलांना ती छान. पुण्याला आयुकाच्या विज्ञान केंद्रात बरीच वर्षं काम केलेले, २०१८ मध्ये पद्मश्री मिळालेले अरविंद गुप्ता काडेपेट्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे, जुनी वर्तमानपत्रं यांतून विज्ञानाची खेळणी करतात. त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकांचा खजिना फुकट आहे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी चित्रपुस्तकं वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेली असतात, तीही फुकट. मोबाइलवर वाचावी लागतात एवढंच. मी मांडीवर घेऊन वाचायची, मोबाइल माझ्या हातात.

हे सगळं नणंदेला फोनवर सांगायला अर्धा तास गेला. तिने ज्ञानकोश घेतला नाही. एक पातळसं कीटकांचं पुस्तक घेतलं. मुखपृष्ठ तसं साधंच होतं म्हणे, पण आतल्या चित्रांतली झाडं ओळखीची होती.

परवा तिचाच फोन. "वहिनी, काय करून ठेवलंस हे? ओट्यावर तीन बरण्या आहेत. आणि हा मला कढीपत्त्याला हात लावू देत नाही. पंधरा दिवस झाले, पोह्यांना फोडणी तशीच चाललीये."