अनामत कोणाची?

निवडणूक लढवणारा उमेदवार अर्जासोबत अनामत रक्कम भरतो. ‘अनामत’ हा शब्द मराठीत फारसीच्या वाटेने आला. त्याचे मूळ अरबी ‘अमानत’. दुसऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेली आणि मागताक्षणी जशीच्या तशी परत करायची वस्तू म्हणजे अमानत. इमान आणि बेइमान हे शब्दही त्याच कुळातले. उमेदवाराची अनामत किती मते पडल्यावर परत मिळते, हे नियमाने ठरलेले आहे. मतदाराने त्याच्याकडे ठेवलेली अमानत पाच वर्षांनी कोणत्या अवस्थेत परत येते, याची नोंद मात्र कुठल्याच रजिस्टरात नसते.

रमजान लागला की पिंपरी, भोसरी, चिखली, चाकणच्या चौकांत शुभेच्छांचे फलक लागतात. आजी, माजी आणि भावी असे सगळेच नगरसेवक त्यांवर हात जोडून उभे असतात. मग इफ्तारची निमंत्रणे येतात. डोक्यावर टोपी, खांद्यावर रुमाल, तोंडात खजूर, आणि रोजा सुटायच्या आत फोटो. हेच हात श्रावणात देवदर्शनाच्या बस सोडतात, गणपतीत मंडळांच्या पावत्या फाडतात. सण साजरा करण्यात गैर काहीच नाही. शेजाऱ्याच्या ताटाला हात लावणे ही या मातीची जुनी रीत आहे. प्रश्न एवढाच, की मंडपाचे आणि बिर्याणीचे पैसे कोणी दिले?

हा प्रश्न इस्लामी परंपरेत चौदाशे वर्षांपूर्वी विचारला गेला आहे. पैगंबर हजरत मुहंमद (स.) यांनी इब्न-उल-लुत्बिय्या नावाच्या माणसाला जकात गोळा करायला पाठवले होते. परत आल्यावर त्याने मालाचे दोन ढीग केले : हा तुमचा, आणि हा मला भेट मिळालेला. पैगंबर मिंबरवर गेले आणि त्यांनी सर्वांदेखत विचारले, की हा गृहस्थ आईवडिलांच्या घरी बसून राहिला असता तर या भेटी त्याच्याकडे चालत आल्या असत्या का? हदीसच्या बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हा प्रसंग आहे. ठेकेदाराने प्रायोजित केलेल्या प्रत्येक इफ्तारला हा प्रश्न लागू पडतो.

ऑगस्ट 2021 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या स्थायी समितीच्या तत्कालीन अध्यक्षांना लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने अटक केली. पालिकेतले काही कर्मचारीही अटकेत होते. आरोप होता जाहिरात फलकांच्या कामासाठी पैसे मागितल्याचा. आरोप सिद्ध होणे ही न्यायालयाची बाब. पण ज्या शहरात धार्मिकता फलकांवरून मिरवली जाते, तिथे लाचेचा विषयही फलकच असावा, हे बोलके आहे. पुढे मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. शुभेच्छांचे फलक मात्र थांबले नाहीत.

कायदा काही प्रमाणात मदत करतो. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार धर्माच्या नावाने मत मागणे हा भ्रष्टाचार ठरतो. 1987 च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतील अशाच प्रचारामुळे रमेश प्रभू यांची निवड रद्द झाली. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये ते कायम केले आणि पुढे बाळासाहेब ठाकरे यांचा मताधिकार सहा वर्षांसाठी गेला. नगरसेवकाने पालिकेच्या ठेक्यात हितसंबंध ठेवल्यास तो अपात्र ठरतो, अशीही तरतूद आहे. पण पाण्याची जोडणी वर्षभर अडवून ठेवणाऱ्याने तीस रोजे नेमाने धरले, किंवा एकादशी कधी चुकवली नाही, तर कायदा काय करणार? खोटे बोलणे आणि खोटे वागणे जो सोडत नाही, त्याच्या उपाशी राहण्याची अल्लाहला गरज नाही, अशा अर्थाची हदीस आहे. ती रमजानच्या प्रवचनांत दरवर्षी ऐकवली जाते. ऐकणाऱ्यांत पहिल्या रांगेत कोण बसलेले असते, तेही सर्वांना माहीत आहे.

इथे मुस्लिम समाजालाही सुटका नाही. मशिदीपुढे पेव्हर ब्लॉक टाकून द्या, कब्रस्तानाची भिंत बांधून द्या, मोहल्ला तुमचाच, असे सौदे विश्वस्तांच्या बैठकीत होतात. भिंत पालिकेच्या, म्हणजे सगळ्यांच्या करातून उभी राहते. उपकार मात्र एकट्या नगरसेवकाचे. हा मोहल्ल्याचा हक्क होता. तो मतांच्या गठ्ठ्याच्या बदल्यात भेट म्हणून घेतला, तर इब्न-उल-लुत्बिय्याच्या दुसऱ्या ढिगात वाटेकरी कोण झाले?

शहराच्या वेशीवरच्या देहूत याचे उत्तर वेगळ्या भाषेत मिळते. तुकोबांनी सावकारीतली आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली. शिवरायांनी पाठवलेला नजराणा त्यांनी परत केल्याची कथा घराघरांत सांगितली जाते. त्यांच्या पालखीचा पहिला विसावा अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होतो. त्या विसाव्याला कोणा प्रायोजकाची गरज पडत नाही.

चाकणच्या कारखान्यांतही दुसऱ्या पाळीचे रोजेदार मशिनशेजारी इफ्तार करतात. दोन खजूर, एक केळे, पाण्याची बाटली. वर्गणी सहकाऱ्यांची, त्यांत रोजा नसलेलेही असतात. यंदा एखाद्या पुढाऱ्याचे निमंत्रण मशिदीत आले, तर विश्वस्तांनी ते जरूर वाचून दाखवावे. फक्त बिल कोणाच्या नावावर फाटणार आहे, तेही त्याच वेळी विचारून घ्यावे.