कवीचे नाव कापणारे कोण?

जयंतीच्या मंचामागे आता बिल्डरचा फलक गायकापेक्षा उंच असतो. देणगी घेण्याला आमची हरकत नाही. मंडप, ध्वनिक्षेपक फुकट मिळत नाहीत, हे आमच्या कार्यकर्त्यांना कोणी शिकविण्याची गरज नाही. प्रश्न नावाचा आहे. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे आपले नाव गुंफत. वस्तीवस्तीतून तोंडोतोंडी फिरणाऱ्या गाण्यावर कवीची मालकी सांगणारी तेवढीच एक ओळ. ना करारपत्र, ना मानधन! आज डीजेवर ध्रुवपद वाजते, एखादे कडवे वाजते आणि ठेका बदलतो. शेवटचे कडवे येतच नाही. म्हणजे कवीचे नाव आम्हीच कापतो, आणि दोन गाण्यांच्या मध्ये प्रायोजकाचे नाव मात्र निवेदक घसा ताणून पुकारतो. भीमराव कर्डकांच्या जलशाने बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला, तो कोणाच्या फलकाखाली? मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना आमचे सांगणे आहे : येत्या १४ एप्रिलला गाणे शेवटच्या कडव्यापर्यंत वाजवा. निमंत्रणपत्रिकेवर देणगीदारांच्या यादीआधी गीतकारांची नावे छापा. जागा कमी पडली तर पुढाऱ्यांचे फोटो लहान करा.