सरकता जिना संपतो तिथून

पुण्यातल्या मंडई मेट्रो स्थानकात सत्तरीच्या प्रवाशालाही फारसा त्रास होत नाही. लिफ्ट आहे, सरकते जिने आहेत, फरशी सपाट आहे, उजेड भरपूर आहे. कस लागतो तो वर आल्यावर. तुळशीबाग किंवा लक्ष्मी रस्ता गाठायचा तर हातगाड्या, फुटपाथवर लावलेल्या दुचाक्या, मागून हॉर्न देणाऱ्या रिक्षा आणि मध्येच संपणारा फुटपाथ यांतून वाट काढावी लागते. मेट्रोमुळे शहराचे आरोग्य किती सुधारणार, हे ठरणार आहे ते याच शेवटच्या पाचशे मीटरवर.

जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्ग २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला आणि कसबा पेठ व मंडई या स्थानकांमुळे मेट्रो जुन्या शहराच्या पोटात शिरली. तिचे फायदे सांगताना वाचलेला वेळ, वाचलेले पेट्रोल आणि कमी झालेला धूर यांचीच चर्चा होते. एक फायदा मात्र हिशेबात धरला जात नाही. मेट्रोचा प्रत्येक प्रवासी थोडा तरी चालतो. दुचाकी दारातून निघून दुकानाच्या पायरीशी थांबते. मेट्रो तसे करत नाही.

हे चालणे किरकोळ नाही. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. सलग दहा मिनिटे तरी व्यायाम व्हायलाच हवा, ही पूर्वीची अट २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत काढून टाकण्यात आली. म्हणजे तुकड्या-तुकड्यांनी चाललेलेही मोजले जाते. घर ते स्थानक दहा मिनिटे, स्थानक ते कामाची जागा दहा मिनिटे, आणि तेवढेच परतताना: आठवड्याचे पाच दिवस धरले तर २०० मिनिटे झाली. ना जिमची फी, ना पहाटेचा गजर. आयसीएमआर-इंडिआब अभ्यासाच्या २०२३ मधील अंदाजानुसार भारतात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. चालताना स्नायू रक्तातील साखर वापरतात, त्यामुळे अशा देशात ही २०० मिनिटे औषधाइतकी मोलाची आहेत.

अट एकच: चाल भरभर हवी. बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही, इतपत दम लागायला हवा. दर चार पावलांना थांबत, अंग चोरत, खाली बघत चालणाऱ्याला ही गती मिळत नाही. दोनदा ठेच लागली की तिसऱ्यांदा माणूस रिक्षा करतो किंवा थेट दुचाकी काढतो, आणि चालण्याचा फायदा तिथेच संपतो.

काहींसाठी तर प्रश्न फायद्याचा नसून इजेचा आहे. मधुमेह जुना झाला की अनेकांच्या तळपायांची संवेदना कमी होते. निखळलेल्या ब्लॉकवर ठेच लागून झालेली जखम लवकर कळत नाही आणि चिघळते. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धेला एका पडण्यातून खुब्याचे हाड मोडून अंथरूण धरावे लागू शकते. रस्ता ओलांडण्याचेही तेच. सिग्नलची वेळ ठरवताना साधारणपणे सेकंदाला १.२ मीटर ही चाल गृहीत धरतात. त्या हिशेबाने १२ मीटरचा रस्ता दहा सेकंदांत पार व्हायला हवा. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या आजोबांना मात्र पंधरा सेकंद लागतात. उरलेली पाच सेकंदे ते सुटलेल्या वाहनांसमोर असतात.

यावर पथारीवाल्यांना हटवा, असे सोपे उत्तर दिले जाते. पण मंडईचा परिसर जिवंत आहे तो त्यांच्यामुळेच, आणि २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना संरक्षणही दिले आहे. पथारीवाल्याला आखलेली जागा देता येते. फुटपाथवर दिवसभर उभ्या राहणाऱ्या दुचाकीला तसा कोणताच हक्क नाही. गाड्या दूर गेल्या तर गिऱ्हाईकही जाईल, ही दुकानदारांची भीती खोटी नाही. पण मेट्रोने येणारे गिऱ्हाईक पायीच येते आणि त्याला दुकानापर्यंत पोहोचायला वाट लागते.

कागदावर सारे तयार आहे. पुणे महापालिकेने २०१६ मध्येच पादचारी धोरण मंजूर केले. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांनुसार फुटपाथवर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिनही साजरा झाला. वर्षातला एक दिवस मोकळा मिळालेला रस्ता माणसे किती आनंदाने वापरतात, हे त्या दिवशी दिसलेच.

आता गरज आहे ती स्थानकाची हद्द बदलण्याची. स्थानक सरकत्या जिन्याशी संपते, असे न मानता सभोवतालचे पाचशे मीटर त्याचाच भाग समजावेत. सलग फुटपाथ, वृद्धांच्या चालीने लावलेले सिग्नल, बसायला दोन बाक, आणि निखळलेला ब्लॉक आठवड्याच्या आत बसवण्याची जबाबदारी एका यंत्रणेकडे. भुयार खोदण्याच्या मानाने हा खर्च नगण्य आहे. मात्र जमिनीखाली कोट्यवधी रुपये ओतल्यानंतर वरचा फुटपाथ तुटकाच राहिला, तर स्थानकात ऐटीत उतरलेली आजी बाहेर रिक्षाच शोधत उभी राहील.