वहीतील साठा, गोदामातील साठा

बँकेच्या सेवेत असताना तारण मालाच्या तपासणीचा प्रसंग वारंवार येई. व्यापाऱ्याच्या वहीत साठा चोख मांडलेला असे. परंतु गोदामाचे दार उघडून पोती मोजल्याखेरीज आम्ही सही करीत नसू. मुलांच्या अन्नविषयक ज्ञानालाही हाच नियम लावावा, असे मला अलीकडे प्रकर्षाने वाटू लागले आहे.

गेल्या महिन्यात वसईतील आमच्या संकुलातील बारा मुलांना एकत्र बसवले. आपण कोणती कंदमुळे वर्ज्य मानतो, असे विचारताच बटाटा, कांदा, लसूण, गाजर, मुळा अशी यादी सर्वांनी घडाघडा म्हटली. वही चोख होती. मग मुळासकट आणविलेले भुईमुगाचे रोप पुढे ठेवले. "शेंगा मातीतून निघाल्या, मग हे कंदमूळ का नव्हे?" सारे स्तब्ध. एकजण म्हणाला, "आजी खाते, म्हणून चालते."

नऊ वर्षांच्या एका मुलीने मात्र रोप हाती घेऊन न्याहाळले. "आजोबा, मूळ खाली आहे, शेंग वरच्या फांदीपासून लोंबते आहे." तिचे निरीक्षण अचूक होते. भुईमुगाचे पिवळे फूल जमिनीवर उमलते, त्यातून निघालेली आरी मातीत शिरते आणि तिच्या टोकाशी शेंग धरते. शेंग म्हणजे फळच.

आपल्या पालघर जिल्ह्यातील वाडा कोलमला २०२१ साली भौगोलिक मानांकन लाभले. पण साळ ओळखली ती केवळ दोघांनी. वसईच्या राजेळी केळ्यांची सुकेळी तर कित्येकांना खजूर वाटली.

शेवटी त्याच मुलीने मला विचारले, "ओले आले वर्ज्य, मग सुंठ कशी चालते?" आयुष्यभर सुंठीचा चहा घेणारा मी निरुत्तर झालो. दोन दिवसांनी तिला सांगितले : ओल्या आल्याचा तुकडा मातीत पुरला तर त्याला कोंब फुटतो, सुंठीला फुटत नाही. त्या परीक्षेत अनुत्तीर्ण झालो तो मीच.

सुज्ञ वाचकहो, आपली मुले उद्या शिक्षणासाठी परगावी जातील. केवळ पाठ केलेली यादी वसतिगृहाच्या पहिल्याच पंगतीत गळून पडेल. समजून घेतलेला नियम टिकेल. म्हणून रविवारी ताटावर बसताना एकाच पदार्थाविषयी तीन प्रश्न विचारावेत : हा वनस्पतीचा कोणता भाग? कोणत्या हंगामातला? कोणाच्या श्रमातून आला? उत्तर आपल्यालाही येत नसेल, तर मुलासह शोधावे. गोदामाचे दार दोघांनी मिळून उघडावे.