घोळीचा दुहेरी कारभार

बुऱ्हाणपूरकडच्या दापोऱ्याच्या शिवारात नव्या केळीची निंदणी झाली की बांधावर घोळ या रानभाजीचे ढीग पडतात. ठिबकचं पाणी जिथे पडतं, तिथे ही हमखास येते. लालसर रसाळ देठ, जाड गुळगुळीत पानं, नखाएवढं पिवळं फूल. बाकीचं तण दुपारपर्यंत सुकतं. घोळ उपटल्यावरही कित्येक दिवस हिरवीच राहते, बी पिकवून सांडते आणि ओल मिळाली तर पुन्हा मूळ धरते. निंदणाऱ्या बाया तिच्यावर वैतागतात, ते उगाच नाही.

हा चिवटपणा पानातला आहे. रखरखत्या उन्हात केळीचं पान कार्बन डायऑक्साइडबरोबर चुकून ऑक्सिजनही पकडतं आणि कमाईतला काही भाग वाया जातो. मका, ज्वारी, ऊस यांनी ही गळती बुजवली आहे. ते कार्बन आधी आम्लात बांधतात आणि त्याची साखर आतल्या, शिरांभोवतीच्या पेशींत करतात. ही सी-४ पद्धत. १९६६ मध्ये हॅच आणि स्लॅक यांनी ऑस्ट्रेलियात उसावर काम करून ती उलगडली. निवडुंग आणि अननस दिवसा पानाची छिद्रं मिटून घेतात आणि रात्री हवा घेऊन मॅलिक आम्ल साठवतात. घोळीला दोन्ही जमतं. पाणी असेल तोवर मक्याच्या रीतीने झपाट्याने वाढायचं, ताण पडला की रात्रीची साठवणही सुरू करायची. ताणातल्या घोळीचं पान पहाटे खुडून चावा, संध्याकाळपेक्षा आंबट लागेल. हे दोन्ही कारभार एकाच पानातल्या त्याच पेशींत एकत्र चालतात, हे येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं. मक्याला ही काटकसर शिकवता येईल का, याचा विचार आता चालू आहे. होईल तेव्हा होईल.

वऱ्हाडातली चिवळ आणि कुंडीतलं ‘ऑफिस टाइम’ ही घोळीच्याच पोर्तुलाका प्रजातीतली भावंडं. त्यांचं कौतुक होतं, घोळीच्या वाट्याला मात्र तणनाशक येतं. हे मला पटत नाही. बुऱ्हाणपूरच्या केळीला पाण्यासाठी बोअर खोल खोल न्यावे लागतात, आणि जी वनस्पती फुकटात, थोडक्या पाण्यावर उगवते तिच्यावर आपण औषधाचे पैसे घालवतो! शिवाय फवारलेली घोळ खायची सोय राहत नाही. फूल यायच्या आत खुडली तर बी पडत नाही आणि बाजारात जुडीचे दोन पैसे सुटतात. तुरीच्या डाळीत ती छान मिळून येते, वर लसणाची फोडणी. मुतखड्याचा त्रास असेल त्यांनी मात्र बेतानेच खावी, तिच्यात ऑक्झॅलेट भरपूर असतं.